आधी पाय की आधी चेंडू? बास्केटबॉलच्या तीन वादग्रस्त निर्णयांबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही यंदाच पंच परीक्षा पास झालात. सतरा वर्षांखालील मुलांच्या शालेय सामन्यात तुम्ही तीन निर्णय दिलेत आणि तिन्हींवर गोंधळ झाला. एका मुलाने ड्रिबल (चेंडू आपटत नेणं) संपवून लेअप (पळत जाऊन जवळून मारलेला शॉट) मारला, सगळे ‘तीन पावलं’ म्हणून ओरडले, पण तुम्ही शिट्टी वाजवली नाही. नंतर बास्केटखाली धडक झाली, डिफेंडर पाठीवर पडला आणि तुम्ही चार्जिंग, म्हणजे हल्लेखोराचा फाऊल, दिलंत. तिसऱ्या वेळी चोवीस सेकंदांचा, म्हणजे शॉटची मुदत संपल्याचा, भोंगा वाजला तेव्हा शॉटचा चेंडू हवेत होता. तो रिंगला न लागता खाली आला, डिफेंडरने दोन्ही हातांत घेतला आणि तुम्ही खेळ थांबवलात. ‘नियम पाठ आहेत, पण मैदानावर त्यांचा अर्थ लावता येत नाही’, असं तुम्ही लिहिलं आहे.

तुमच्या वर्णनावरून पहिला निर्णय बरोबर होता आणि तिसरा चुकला. दुसऱ्याबद्दल मला काहीच सांगता येत नाही, कारण तुम्ही डिफेंडर कसा पडला ते लिहिलंय, त्याचे पाय कुठे होते ते लिहिलेलं नाही.

तेवीस वर्षं शिट्टी वाजवल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. बास्केटबॉलच्या बहुतेक अवघड निर्णयांत पंचाला एकच गोष्ट ठरवायची असते. दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडलेल्या असतात, त्यातली आधी कोणती? चेंडू आधी हातात आला की पाय आधी टेकला? खेळाडू आधी हवेत गेला की डिफेंडर आधी येऊन उभा राहिला? चेंडू आधी हातातून सुटला की भोंगा आधी वाजला? नियमपुस्तकातली वाक्यं लांबलचक आहेत, पण त्यातली बरीचशी हा क्रम लावण्यासाठीच लिहिलेली आहेत. तुम्हाला नियम येतात, पण नजर चुकीच्या जागी असल्यामुळे क्रम दिसत नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी नजर कुठे हवी तेही सांगतो.

पावलांपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त भांडणं तिथेच होतात. 2017 साली फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेने, या नियमाची मांडणी बदलली. चालत्या गतीत चेंडू झेलणाऱ्या किंवा ड्रिबल संपवणाऱ्या खेळाडूला थांबायला, पास द्यायला किंवा शॉट मारायला दोन पावलं मिळतात. पहिलं पाऊल कोणतं? चेंडूवर ताबा आल्यानंतर जो पाय जमिनीला टेकतो, ते पहिलं. ताबा येतो त्या क्षणी एक पाय आधीच जमिनीवर असेल, तर तो मोजायचा नाही. आपण त्याला ‘झिरो स्टेप’ म्हणतो. तुमच्या त्या मुलाचंच बघा. डावा पाय जमिनीवर असताना त्याने ड्रिबल संपवून चेंडू हातात घेतला. तो डावा पाय शून्य. मग उजवा, एक. मग डावा, दोन. मग शॉट. गॅलरीत बसलेल्या माणसाने जमिनीला टेकलेले पाय मोजले, ते तीन भरले. तुम्ही चेंडू हातात आल्यानंतरचे मोजलेत, ते दोन भरले. तुमचं बरोबर.

काही जुने प्रशिक्षक म्हणतात की या बदलाने खेळ बिघडवला. मला तसं वाटत नाही. जेम्स नेस्मिथ यांनी 1891 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डला या खेळाचे पहिले तेरा नियम लिहिले. त्यातल्या तिसऱ्या नियमात चेंडू घेऊन पळायला मनाई आहे, ड्रिबलचा तर तेव्हा पत्ताच नव्हता. तरी त्याच नियमात एक सवलत आहे: चांगल्या वेगात पळताना चेंडू झेलणारा माणूस थांबायचा प्रयत्न करत असेल, तर त्याला सूट द्यावी. वेगातलं शरीर एका क्षणात थांबत नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. ती सूट नेमकी किती, एवढंच आपण अजून ठरवत आलो आहोत.

आता याची दुसरी बाजू. खरी ट्रॅव्हल, म्हणजे पावलांचं उल्लंघन, बहुतेक वेळा मुव्हच्या सुरुवातीला होते आणि आपण ती शेवटाला शोधत बसतो. उभ्या जागी चेंडू झेललेला खेळाडू डिफेंडरला चकवून निघतो, तेव्हा त्याचा पिव्हट पाय (जमिनीवर रोवलेला, ज्यावर तो वळतो) उचलण्याआधी ड्रिबलचा चेंडू हातातून सुटलेला हवा. शालेय सामन्यांत निम्म्याहून जास्त मुलं पाय आधी उचलतात. फरक डोळ्याच्या पापणीएवढा असतो, पण त्यातून मिळणारा फायदा मोठा असतो, कारण डिफेंडर तेवढ्यात मागे पडतो. पास किंवा शॉटसाठी मात्र पिव्हट पाय उचलता येतो, तो परत टेकण्याआधी चेंडू सुटला म्हणजे झालं. पळता पळता झेलून ड्रिबल सुरू करणाऱ्याला तिसरा हिशोब लागतो: दुसरं पाऊल टेकण्याआधी चेंडू सुटायला हवा. आणि चेंडूवर ताबा आल्यानंतर एकाच पायावर लागोपाठ दोनदा टेकणं, म्हणजे लंगडी, चालत नाही.

नजर कुठे हवी? खेळाडूच्या कमरेखाली. चेंडू झेलला जाण्याआधीच त्याच्या पायांकडे बघायला लागा. चेंडू हातात आला हे नजरेच्या कडेने कळतं, पाय मात्र कडेने कळत नाहीत. आणि पिव्हट पाय कोणता ते तुम्हाला माहीत नसेल, तर ट्रॅव्हल देऊ नका. अंदाजाने दिलेली ट्रॅव्हल खेळाडूंना लगेच ओळखू येते.

एक अपवाद इथेच सांगून टाकतो. चेंडू घेऊन पडलेला खेळाडू घसरत गेला तर ती ट्रॅव्हल नाही. तो चेंडू हातात धरून लोळला किंवा उठायला लागला, की ट्रॅव्हल.

आता धडक. इथे माझी एक चूक सांगतो, कारण ती अजून आठवते. मुलींच्या एका विभागीय उपांत्य सामन्यात शेवटच्या मिनिटाला पाहुण्या संघाची गार्ड आत घुसली, उडाली, डिफेंडरला धडकली. डिफेंडर सरळ पाठीवर पडली. मी ताबडतोब चार्जिंग दिलं, बास्केट रद्द केली आणि तो संघ एका गुणाने हरला. संध्याकाळी एका पालकाने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. गार्डचा पाय जमिनीवरून सुटला होता तेव्हा डिफेंडर अजून बाजूने सरकत येत होती. मी डिफेंडरला बघितलंच नव्हतं. मी चेंडूबरोबर वर बघत होतो आणि खाली नजर आणली तेव्हा मला फक्त पडणं दिसलं. ती मुलगी चेंजिंग रूमबाहेर जमिनीवर बसून रडत होती. तिच्यासमोर जाऊन चूक कबूल करण्यापलीकडे माझ्या हातात काही उरलं नव्हतं.

तेव्हापासून मी शिकाऊ पंचांना सांगतो: बास्केटकडे ड्राइव्ह सुरू झाला की लीड पंचाने (बास्केटजवळ उभ्या असलेल्या) डिफेंडरकडे बघायचं. हल्लेखोर आपोआप चौकटीत येतोच.

डिफेंडरने काय केलेलं हवं? समोरच्याकडे तोंड करून दोन्ही पाय जमिनीवर ठेवून एकदा जागा घेतलेली हवी. एवढं झालं की ती बचावाची कायदेशीर जागा. त्यानंतर तो खांबासारखा उभा राहिलाच पाहिजे, हा आपल्या मैदानांवरचा सगळ्यात चिवट गैरसमज आहे. तो मागे सरकू शकतो, बाजूला सरकू शकतो, जागच्या जागी सरळ वर उडी मारू शकतो. पुढे येऊन आदळला तर फाऊल त्याचा. धडक त्याच्या छातीवर झाली, तर तो तिथे आधी होता याचा तो चांगला पुरावा असतो. धडक त्याच्या खांद्याला, बाहेर आलेल्या गुडघ्याला किंवा कमरेच्या बाजूला झाली, तर बहुतेक वेळा तो उशिरा आलेला असतो.

चेंडू असलेल्या खेळाडूसमोर जागा घेताना अंतर आणि वेळेचा विचार होत नाही. आपल्यासमोर कोणीही, कधीही येऊन उभं राहील हे चेंडूवाल्याने गृहीत धरायचं. चेंडू नसलेल्या खेळाडूला मात्र थांबायला किंवा वळायला जागा द्यावी लागते, त्याच्या वेगाप्रमाणे एक ते दोन पावलं. स्क्रीनच्या (सहकाऱ्यासाठी डिफेंडरची वाट अडवण्याच्या) भांडणांत हे उपयोगी पडतं. आणि खेळाडू एकदा हवेत गेला, की त्याच्या वाटेत नव्याने शिरता येत नाही. त्याला त्याच्या जागी सुरक्षित उतरू द्यायचं. उडालेल्या माणसाच्या पायाखाली जाणं हा साधा फाऊल समजू नका, तिथे बहुतेक वेळा अनस्पोर्ट्समनलाइक (खिलाडूवृत्ती सोडून केलेला) फाऊल द्यावा लागतो. घोटे आणि गुडघे तिथेच जातात, आणि आपल्याकडे तर निम्मी मैदानं सिमेंटची आहेत.

मग बास्केटखालचं अर्धवर्तुळ, सव्वा मीटर त्रिज्येचं. त्याचा अर्थ लोक फार ढोबळ लावतात. ‘डिफेंडर अर्धवर्तुळात आहे, म्हणजे फाऊल त्याचाच’, असं नियम म्हणत नाही. नियम एवढंच म्हणतो की चेंडूवर ताबा असलेला खेळाडू हवेत असेल, शॉट किंवा पास करत असेल आणि डिफेंडरचा एक जरी पाय त्या भागाला लागलेला असेल, तर त्या धडकेसाठी चार्जिंग देता येत नाही. डिफेंडर सरळ उभा असेल आणि त्याने काही चुकीचं केलेलं नसेल, तर शिट्टीच वाजवायची नाही. खेळ चालू. आणि हल्लेखोराने हाताने ढकललं किंवा कोपर मारलं, तर अर्धवर्तुळाचं संरक्षण त्याला मिळत नाही, फाऊल त्याचाच. जमिनीवर ड्रिबल करत आत घुसणाऱ्यालाही हे संरक्षण नाही. ही ओळ बरेच प्रशिक्षक वाचायची विसरतात.

तिसरा तुमचा भोंगा. शॉट हातातून सुटला आणि मग चोवीसचा भोंगा वाजला, तर तीन शक्यता. चेंडू आत गेला, बास्केट मोजायची. रिंगला लागला, भोंग्याकडे दुर्लक्ष करायचं आणि खेळ चालू ठेवायचा. रिंगला लागलाच नाही, तर चोवीस सेकंदांचं उल्लंघन, पण त्यातही विरुद्ध संघाच्या हाती चेंडू लगेच आणि स्पष्टपणे आला असेल तर खेळ थांबवायचा नाही. तुमच्या सामन्यात डिफेंडरने दोन्ही हातांत चेंडू घेतला होता. तुम्ही थांबवलंत म्हणून चेंडू त्यांनाच मिळाला हे खरं, पण पुढे दोन जण मोकळे पळत होते आणि त्यांचा फास्ट ब्रेक तुमच्या शिट्टीने गेला. ज्यांनी चोवीस सेकंद चांगला बचाव केला त्यांचं नुकसान होऊ नये, म्हणून ही सवलत आहे.

‘लगेच आणि स्पष्ट’ कशाला म्हणायचं? माझा नियम साधा आहे. चेंडू सरळ कोणाच्या हातात आला तर स्पष्ट. टप्पा पडून दोघे झेपावले, हाताला लागून उडाला, तर स्पष्ट नाही, वाजवा. भोंगा ऐकल्यावर एक श्वास थांबायची सवय लावा. भोंगा टेबलचा (वेळ आणि गुण नोंदवणाऱ्यांचा) असतो, निर्णय तुमचा असतो. टीव्हीवरच्या सामन्यांत बोर्डाभोवती दिवे लागतात, आपल्याकडे अनेकदा टेबलवर साधा टायमर आणि हाताने वाजवायचा भोंगा असतो. अशा वेळी ट्रेल पंचाने (खेळाच्या मागून येणाऱ्या) शेवटच्या पाच सेकंदांत घड्याळ आणि शूटरचा हात दोन्ही एका नजरेत येतील अशा जागी आधीच सरकायला हवं.

घड्याळाचंच आणखी एक. संघाने शॉट मारला, रिंगला लागून चेंडू परत त्यांनाच मिळाला, तर 14 सेकंद. विरुद्ध संघाला मिळाला तर 24. डिफेंडरने चेंडू नुसता बाहेर घालवला तर उरलेली वेळ तशीच पुढे चालू. टेबलवर बसणारी मुलं इथे सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून सामन्याआधी पाच मिनिटं त्यांच्याजवळ बसून हेच तीन प्रसंग बोलून घ्या.

टेबलशी बोलणं किती महत्त्वाचं आहे याचं सगळ्यात मोठं उदाहरण 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकचा अंतिम सामना. डग कॉलिन्सच्या दोन फ्री थ्रोंनी अमेरिका 50-49 अशी पुढे गेली, तीन सेकंद उरले होते. दुसऱ्या फ्री थ्रोच्या वेळी टेबलवरून भोंगा वाजला. सोव्हिएत संघाचं म्हणणं होतं की त्यांनी टाइमआउट मागितला होता. खेळ थांबला, पुन्हा सुरू झाला, घड्याळ नीट लावलेलं नसताना पुन्हा चालला, आणि फिबाचे सरचिटणीस विल्यम जोन्स यांनी तीन सेकंद द्यायला लावले. शेवटच्या वेळी इव्हान एदेश्कोने मैदानभर फेकलेला चेंडू अलेक्झांडर बेलोव्हने झेलून बास्केट केली, 51-50. अमेरिकी खेळाडूंनी रौप्यपदकं आजवर घेतलेली नाहीत. कोण बरोबर होतं यावर लोक अजून भांडतात. मला त्यात एवढंच दिसतं की टाइमआउट कोणी, कधी मागितला, हे पंचांना आणि टेबलला एकाच वेळी माहीत नव्हतं. तुमच्या जिल्हास्तरीय सामन्यातही हे घडू शकतं. शेवटच्या दोन मिनिटांत प्रत्येक मेलेल्या चेंडूवर, म्हणजे खेळ थांबलेला असताना, टेबलकडे बघा, मगच चेंडू द्या.

शेवटच्या क्षणांचे आणखी दोन नियम लक्षात ठेवा. घड्याळावर 0.3 सेकंद किंवा जास्त असेल, तर थ्रो-इन झेलून शॉट मारणं शक्य मानतात, तो वेळेत सुटला का ते तुम्ही ठरवायचं. 0.2 किंवा 0.1 असेल, तर फक्त टॅप किंवा थेट डंक चालतो, झेलून मारलेली बास्केट मोजायची नाही. दुसरा, 2022 पासूनचा थ्रो-इन फाऊल. चौथ्या क्वार्टरच्या किंवा जादा वेळेच्या शेवटच्या दोन मिनिटांत थ्रो-इन करणाऱ्याच्या हातातून चेंडू सुटण्याआधी डिफेंडरने मैदानातल्या प्रतिस्पर्ध्याला फाऊल केला, तर एक फ्री थ्रो आणि पुन्हा चेंडू. इथेही सगळा प्रश्न चेंडू हातात होता की सुटला होता एवढाच. म्हणून त्या वेळी दोघा पंचांनी वाटून घ्या: एक थ्रो-इनवाल्याच्या हाताकडे, दुसरा गर्दीकडे.

बॅककोर्टबद्दल, म्हणजे चेंडू पुढच्या अर्ध्यातून परत मागच्या अर्ध्यात नेण्याबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. ड्रिबल करणारा पुढच्या अर्ध्यात कधी गेला? त्याचे दोन्ही पाय आणि चेंडू, तिन्ही पुढच्या अर्ध्यात लागल्यावर. एक पाय पलीकडे टाकून तो ड्रिबल करत राहिला तर तो अजून मागेच आहे, पुढच्या अर्ध्यात जायचे आठ सेकंद चालूच आहेत, आणि तो पाय मागे घेतला तर उल्लंघन नाही. पुढच्या अर्ध्यातून उडी मारून हवेतच विरुद्ध संघाचा पास पकडणारा खेळाडू मागच्या अर्ध्यात उतरला तरी चालतं.

मुलं एनबीए बघतात आणि तिथला नियम इथे मागतात. शॉटचा चेंडू रिंगवर नाचत असताना तो टोलवला तर एनबीएत उल्लंघन, आपल्या फिबाच्या नियमांत रिंगला लागून गेलेला चेंडू टोलवता येतो. अट एवढीच की चेंडू रिंगला टेकलेला असताना रिंगला, जाळीला किंवा बोर्डाला हात लावायचा नाही. डिफेन्सचे तीन सेकंदही (बास्केटखालच्या भागात डिफेंडरने थांबण्याची मर्यादा) आपल्याकडे नाहीत. प्रशिक्षक ओरडला तर वाद घालू नका, ‘सर, फिबात चालतं’ एवढं बोलून पुढे पळा.

आणि स्वतःच्याच बास्केटमध्ये चुकून चेंडू टाकला, लहान मुलांच्या सामन्यात हे होतं, तर दोन गुण विरुद्ध संघाच्या मैदानावरच्या कर्णधाराच्या नावावर लिहायचे. मुद्दाम टाकला तर उल्लंघन, गुण नाहीत.

तुमची चूक झाली हे मैदानावरच लक्षात आलं तर? चुकीच्या माणसाने फ्री थ्रो मारले, नको होते ते दिले, द्यायचे ते राहिले, किंवा गुण चुकून दिले अथवा कापले, एवढ्याच चुका दुरुस्त करता येतात. त्याही चुकीनंतर घड्याळ सुरू होऊन पहिल्यांदा चेंडू मेला, की तो पुन्हा जिवंत होण्याआधीच. चार्जिंग की ब्लॉकिंग (डिफेंडरचा फाऊल) हे यात बसत नाही, ती शिट्टी वाजली की वाजली. म्हणून फ्री थ्रोआधी शूटरचा नंबर टेबलला बोटांनी दाखवा आणि स्वतः मोठ्याने म्हणा. बाकीचं राहिलं तर प्रशिक्षकाला सरळ सांगा, ‘मी पाहिलं नाही.’ या वाक्याने माझा मान कधी कमी झाला नाही.

आता तुमची ती धडक. एखाद्या पालकाने व्हिडिओ काढलेला असणार, मागवून घ्या. आवाज बंद करून बघा. हल्लेखोराचा शेवटचा पाय जमिनीवरून सुटतो तिथे चित्र थांबवा, पुढचं पडणं बघूच नका. त्या चित्रात डिफेंडरचे दोन्ही पाय कुठे आहेत, तो सरकतोय की उभा आहे, अर्धवर्तुळाला लागलाय का, आणि तुम्ही स्वतः कुठे उभे राहून कुणाकडे बघताय, एवढं मला लिहून कळवा. मग चार्जिंग बरोबर होतं का ते सांगतो.